दिव्याची तलवार विझते कुठे? मुठीपासून टोकापर्यंत बिघाड शोधताना

"वर उचलली की विझतीया, खाली आणली की पेटतीया." गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात तालमीतलं एखादं पोरगं कापडात गुंडाळलेली तलवार घेऊन दारात उभं राहतं, तेव्हा तक्रार बहुतेक वेळा हीच असते. पाठोपाठ निदानही त्याचंच असतं: "सर्किट गेलं असणार, काका. नवीन घेऊ काय?"

सर्किट गेलेलं नसतं. सर्किटला वर-खाली कळत नाही, सुटत आलेल्या वायरला कळतं. हलवल्यावर जो बिघाड येतो आणि जातो, तो जवळपास नेहमी जोडाचा असतो: वायरीचा, स्विचचा, सेलच्या स्प्रिंगचा किंवा सोल्डरचा. म्हणून पैसे घालवण्याआधी अर्धा तास शोधण्यात घालवा. तो कसा घालवायचा, ते इथे क्रमाने सांगतो.

कोल्हापुरात अशा तलवारीला काम भरपूर. पेठांतले सजीव देखावे, शाळेचं गॅदरिंग, शिवजयंतीची मिरवणूक, हौशी संघांची नाटकं. देवी महाराजांच्या हातात तलवार देते आणि अंधारात पातं उजळतं, त्या क्षणी समोरची लहान पोरं श्वास रोखून बघतात. तो क्षण हुकू नये म्हणून हा खटाटोप.

मी गृहीत धरलेली तलवार अशी आहे. दुधी प्लॅस्टिकच्या नळीचं किंवा चपट्या खोक्याचं पातं, त्यात डब्ल्यूएस२८१२बी जातीची रंग बदलणारी ५ व्होल्टची एलईडी स्ट्रिप. मुठीत १८६५० चा एक लिथियम सेल, टीपी४०५६ चा चार्जिंग बोर्ड (संरक्षणाच्या सर्किटसह असलेला), स्विच, व्होल्टेज चढवून ५ व्होल्ट देणारा बूस्टर बोर्ड आणि आर्डुइनो नॅनो, म्हणजे दिव्यांना रंगाचा हुकूम देणारा छोटा प्रोग्रामचा बोर्ड. हा हुकूम ज्या वायरीतून जातो ती डेटाची वायर; लाल पॉझिटिव्हची, काळी निगेटिव्हची. तुमच्या तलवारीत फक्त पांढरी साधी स्ट्रिप असेल तर नॅनो आणि डेटाच्या वायरीबद्दलचा भाग सोडून द्या, बाकी सगळं तसंच लागू पडतं.

आधी दोन गोष्टी जवळ घ्या

साधा डिजिटल मीटर आणि पेन-वही. मीटर महागडा नको, पण कंटिन्युटीला (वायर अखंड आहे का हे तपासताना) बीप वाजणारा हवा, कारण निम्मा शोध कानानेच होतो. मीटरबद्दल एकच ताकीद. लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालून कधी करंट मोजला असेल, तर काम झाल्याबरोबर ती परत व्होल्टच्या भोकात घाला. तशीच विसरून सेलचे व्होल्ट मोजायला गेलात, तर मीटर म्हणजे सेलच्या दोन टोकांवर ठेवलेली तार होते. थेट शॉर्ट.

आणि सेल. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू जळताना ज्यांनी खासबागेच्या बाजूला उभं राहून पाहिली, त्यांना विंगेत काळजी का घ्यायची हे वेगळं सांगावं लागत नाही. आपली तलवार पडद्याजवळ, कापडी पोशाखात, कधीकधी एखाद्या पोराच्या कमरेला असते. म्हणून: वेष्टन फाटलेला सेल वापरू नका. सेलवर थेट सोल्डरिंगची इस्त्री टेकवून वायर डकवू नका, होल्डर घ्या किंवा टॅब वेल्ड केलेला सेल घ्या. चार्जिंग फरशीवर, माणूस जागा असताना. गादीवर किंवा कपड्यांच्या ढिगाऱ्यात नाही. आणि मुठीत हात घालण्याआधी प्रत्येक वेळी सेल बाहेर काढा, अगदी "एकच वायर बघायची आहे" असं असलं तरी.

पायरी १: तलवार काय म्हणते ते लिहून काढा

उघडायची घाई करू नका. खोलीचा दिवा बंद करा, तलवार चालू करा आणि नीट बघा. मला इथे खरंच वहीत लिहायची सवय आहे, कारण मूठ उघडल्यावर मूळ लक्षण काय होतं हे पाच मिनिटांत विसरायला होतं.

पूर्ण अंधार आहे, नॅनोवरचा बारीक दिवाही लागत नाही: वीजच येत नाही. मुठीतून सुरुवात.

नॅनोचा दिवा लागतो पण पातं काळं आहे, किंवा पात्यातले पहिले एक-दोन दिवेच मिणमिणतात: स्ट्रिपची लाल वायर तुटली असण्याचा दाट संशय. मुख्य वीज नसताना डेटाच्या वायरीतून चोरपावलांनी थोडी वीज आत शिरते आणि पहिला दिवा अर्धमेला जळतो. हे चिन्ह फार उपयोगी आहे.

पातं पेटलेलं आहे पण एकाच रंगावर गोठलं, बटण दाबलं तरी बदलत नाही: डेटाची वायर तुटली किंवा नॅनो अडकला. या दिव्यांना शेवटचा हुकूम लक्षात राहतो. वीज असेपर्यंत तोच रंग धरून बसतात. थोडक्यात, विझली तर विजेचा माग काढा, गोठली तर डेटाचा.

ठरावीक जागेपर्यंत पातं ठीक, पुढे अंधार: बिघाड त्या सीमेवर आहे. शेवटचा जळणारा दिवा किंवा पहिला न जळणारा, या दोघांपैकी एक.

पांढऱ्या लखलखाटाच्या वेळी विझून परत पहिल्यापासून सुरू होते: करंटची ओढ जास्त होतेय.

पायरी २: सेलपासून मोजत या

सेल होल्डरमधून बाहेर काढून मोजा. पूर्ण भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, ३ च्या आसपास आला की रिकामा समजायचा. पण नुसत्या या आकड्यावर विश्वास ठेवू नका. दमलेला सेल मोकळा असताना ४.१ दाखवतो आणि दिवे लागल्याबरोबर ३.२ वर बसतो. म्हणून सेल परत होल्डरमध्ये घालून, तलवार पेटवून, पेटलेल्या अवस्थेत त्याच्या दोन टोकांवर पुन्हा मोजा. दोन-तीन दशांश उतरला तर ठीक. त्याहून जास्त कोसळला तर सेल बदला.

सेल घेताना वेष्टनावरच्या आकड्यांना भुलू नका. ९८०० एमएएच छापलेला १८६५० सेल तसा असूच शकत नाही. या आकाराचे चांगले सेल साधारण ३५०० पर्यंत जातात. आणि चांगल्या सेलला वजन असतं, ४५ ग्रॅमच्या आसपास. हातात घेतल्यावर पोकळ वाटणारा सेल परत ठेवा.

आता टीपी४०५६. या बोर्डवर नवा सेल बसवला की कित्येकदा बाहेरच्या टोकांवर शून्य येतं आणि नवखा माणूस बोर्ड फेकून देतो. फेकू नका. संरक्षणाचं सर्किट सेल जोडताना बंद अवस्थेत राहू शकतं. चार्जरची वायर क्षणभर लावा, ते जागं होतं. शॉर्ट झाल्यावर किंवा करंट फार ओढला गेल्यावरही ते असंच दार लावून घेतं आणि भार जोडलेला असेपर्यंत उघडत नाही. म्हणजे तलवार एकाएकी गेली आणि चार्जर लावल्यावर परत आली, तर बोर्ड खराब नाही. त्याने आपलं काम केलं. दार का लावलं, हे आपल्याला शोधायचं आहे.

पुढे बूस्टर. छोटा निळा एमटी३६०८ वापरला असेल, तर तो स्ट्रिपला जोडण्याआधी मीटर लावून ५ व्होल्टवर आणलाच पाहिजे. हा बोर्ड २८ व्होल्टपर्यंत चढू शकतो आणि पुड्यातून निघताना कुठे लावलेला असेल याचा नेम नाही. त्याचा पितळी स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने दहा-पंधरा वेढे फिरवेपर्यंत आकडा हलतही नाही, त्यामुळे बोर्ड मेला असं वाटतं. फिरवत राहा. नवी कोरी स्ट्रिप एका झटक्यात जळाली असेल तर पहिला संशय या स्क्रूवर घ्या.

काहीजण मुठीत छोटी पॉवर बँक घालतात. ती चालते, पण तलवार मंद ठेवली की अर्ध्या-एक मिनिटात आपोआप बंद पडते. हा बिघाड नाही. मोबाइल भरला असं समजून पॉवर बँक झोपते. देखाव्यात तलवार बराच वेळ मंद ठेवायची असेल तर पॉवर बँकेच्या नादी लागू नका.

पायरी ३: पांढऱ्या लखलखाटाचं गणित

हे एकदा कागदावर मांडलं की अर्धे "गूढ" बिघाड सुटतात. एक मीटर लांबीला ६० दिवे असलेली स्ट्रिप, पातं ७५ सेंटिमीटर. म्हणजे ४५ दिवे. एक दिवा पूर्ण पांढरा असताना ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो. ४५ गुणिले ६०, म्हणजे २.७ अँपिअर, ५ व्होल्टवर साडेतेरा वॅट. ही सगळी ताकद ३.७ व्होल्टच्या एका सेलमधून काढायची, त्यात बूस्टरची गळती. म्हणजे सेलवर ४ अँपिअरच्या वर भार. टीपी४०५६ वरचं संरक्षण साधारण ३ अँपिअरला दार लावतं. झालं. लाल रंगात तासभर चालणारी तलवार पांढऱ्या कडकडाटाला जाते ती यामुळे.

उपाय स्वस्त आहे. प्रोग्राममध्ये प्रकाश २५५ पैकी ८० वर आणा. अंधारात बसलेल्या प्रेक्षकाला तो फरक जाणवत नाही, पण करंट तिसऱ्या हिश्श्यावर येतो, सेलवर दीड अँपिअरच्या आत. फास्टएलईडी या तयार प्रोग्रामच्या लायब्ररीत तर कमाल मिलिअँपिअर ठरवून देण्याची सोयच आहे, ती वापरा. शिवाय स्ट्रिपच्या सुरुवातीला लाल-काळ्या वायरीवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, म्हणजे अचानक ओढीचा धक्का तो सोसतो. कपॅसिटरची पट्टी असलेली बाजू निगेटिव्हला. उलटा लावलात तर तो फुटतो.

पात्याचं टोक पांढऱ्याऐवजी पिवळट-तांबूस दिसत असेल तर तेही याच घरातलं दुखणं. लांबच्या दिव्यांपर्यंत पोचताना व्होल्टेज गळतं. निळ्या आणि हिरव्या दिव्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून ते आधी मंदावतात. टोकापर्यंत लाल-काळी वायरीची वेगळी जोडी नेऊन तिथूनही वीज द्या.

पायरी ४: स्विच

फार वेळ घालवू नका. स्विचच्या दोन पायांवर मीटरची टोकं ठेवा. चालू असताना शून्याच्या जवळ व्होल्ट दिसले पाहिजेत. अर्धा व्होल्ट दिसला तरी स्विच खातोय. सर्किट बोर्डावर बसणारं ते चौकोनी टिकटिक बटण अवघ्या ५० मिलिअँपिअरसाठी असतं. त्याच्यातून सगळ्या पात्याची वीज नेली तर आतून जळणारच. मुख्य विजेला रॉकर स्विच लावा, छोटं बटण फक्त नॅनोला हुकूम द्यायला ठेवा. आणि सराव तालमीच्या आखाड्यात होत असेल तर तांबडी माती स्विचमध्ये जाते, हे आमच्याकडचं खास दुखणं आहे. स्विचवर पातळ रबरी टोपी किंवा फुग्याचा तुकडा बसवा.

पायरी ५: मान

आता खऱ्या जागी आलो. मूठ आणि पातं जिथे मिळतं त्या दोन-तीन सेंटिमीटरच्या भागाला मी मान म्हणतो. तलवार परजली की पातं वाकतं, मूठ हातात घट्ट असते, आणि सगळा पीळ मानेत येतो. तिथेच बहुतेकांनी वायर स्ट्रिपला सोल्डर केलेली असते. सोल्डर कडक, वायर मऊ. प्रत्येक वाराला वायर सोल्डरच्या कडेला एकाच जागी वाकते. पक्कड घेऊन तार वाकवून-वाकवून तोडतो, तेच इथे हळूहळू होत असतं. वरचं प्लॅस्टिक शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. डोळ्याला काही दिसत नाही, म्हणून हा बिघाड फसवतो.

शोधायचं कसं? सेल बाहेर काढा. मीटर बीपवर. एक टोक मुठीतल्या लाल वायरीच्या सुरुवातीला, दुसरं स्ट्रिपच्या पहिल्या तांब्याच्या टिकलीवर. बीप वाजू द्या आणि दुसऱ्या माणसाला पातं हळूहळू चारही बाजूंना वाकवायला सांगा. बीप अखंड राहिली तर ती वायर निर्दोष. तुटक झाली, खरखरली, तर सापडलं. मग काळी, मग डेटाची. तिन्ही तपासा; लाल सापडली म्हणून थांबू नका, कारण तिघींनी सारखाच मार खाल्लेला असतो.

आणखी एक करून बघा. प्रत्येक वायर चिमटीत धरून अगदी हलका ओढ द्या. चांगली वायर घट्ट लागते. आतून तुटलेली वायर रबरासारखी किंचित ताणली जाते, कारण तुमच्या हातात फक्त वेष्टन असतं. एकदा बोटांना तो फरक कळला की पुढे मीटरच्या आधीच संशय येतो.

तुटलेली वायर इंटरनेटच्या केबलमधून काढलेली निघाली तर नवल नाही. ती घरात पडलेली असते, रंगही छान वेगवेगळे असतात. पण तिच्यात बहुधा एकच जाड तार असते आणि एकेरी तार वाकण्यासाठी नसतेच. बारीक तारांची, सिलिकॉनच्या मऊ वेष्टनाची वायर घ्या: लाल-काळीसाठी २२ गेज, डेटासाठी २४ किंवा २६ चालेल.

दुरुस्ती अशी करा. जुनी वायर सोल्डर वितळवून काढा, खेचून काढू नका. खेचली तर स्ट्रिपवरची तांब्याची टिकली पापुद्र्यासारखी निघून येते. निघालीच, तर घाबरू नका: पुढच्या कापायच्या रेषेवर स्ट्रिप कापा आणि तिथल्या ताज्या टिकल्यांवर जोडा. एक दिवा गेला, तलवार वाचली. नवी वायर जोडल्यावर मुठीच्या बाजूला तीन-चार सेंटिमीटर सैल ठेवा, हलकासा वळसा. मग जोडापासून बोटभर अंतरावर वायर पात्याच्या पाठीला ग्लू गनने पक्की चिकटवा किंवा टायने आवळा. ओढ बसली तर ती वेष्टनावर आणि गोंदावर बसावी, सोल्डरपर्यंत पोचू नये. हे एक पथ्य पाळलं तर एका हंगामात जाणारी तलवार तीन हंगाम चालते, हा माझ्याकडच्या तलवारींचा अनुभव आहे.

पातं वेगळं काढता यावं म्हणून मानेत तीन पिनांचा कनेक्टर लावणं चांगलं, पण त्याच्या पिना मागे सरकतात. वरून बसलेला दिसतो, आतली एक पिन भिडलेली नसते. कनेक्टर सोडून समोरून बघा, तिन्ही पिना एका पातळीत हव्यात.

पायरी ६: पात्यातली स्ट्रिप

अर्ध्यापर्यंत पेटून पुढे अंधार असेल तर काय करायचं ते वर आलंच: सीमेवरचे दोन दिवे. पात्यातून स्ट्रिप काढा, सीमेवर बोटाने हलकं दाबा. दाबल्यावर पुढचं पेटलं तर तिथला जोड उघडा पडलाय. सोल्डर पुन्हा वितळवा. नाही पेटलं तर पहिला न जळणारा दिवा कापून बाजूला करा आणि दोन्ही टोकं तीन छोट्या वायरींनी जोडा. पुढचं सगळं तरीही अंधारातच राहिलं तर शेवटचा जळणारा दिवा दोषी आहे. तो स्वतः जळतो, पण पुढे निरोप पाठवत नाही.

नव्याने बनवलेली तलवार पहिल्यापासूनच पेटली नसेल तर स्ट्रिपवरचे बाण बघा. बाण मुठीकडून टोकाकडे हवेत. उलट्या बाजूने डेटा दिला तर काहीच होत नाही, आणि ही चूक इतकी साधी आहे की माणूस सगळ्यात शेवटी तिकडे बघतो. लाल मागितला आणि हिरवा आला तर बिघाड नाहीच. या दिव्यांत रंगांचा क्रम हिरवा-लाल-निळा असतो, प्रोग्राममध्ये तो बदला.

रंग वेडेवाकडे लुकलुकत असतील तर नॅनोचा निगेटिव्ह आणि स्ट्रिपचा निगेटिव्ह एकमेकांना जोडलाय का ते आधी पाहा. दोघांना वेगवेगळ्या जागेवरून वीज दिली असेल तर हा दुवा राहून जातो. मग डेटाच्या वायरीत, स्ट्रिपच्या जवळ, ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर आहे का बघा. नॅनोऐवजी ईएसपी३२ वापरला असेल तर त्याचा हुकूम ३.३ व्होल्टचा असतो. ५ व्होल्टवरच्या स्ट्रिपला साधारण साडेतीन व्होल्ट ऐकू येतात. कधी चालेल, कधी नाही. मध्ये हुकूम ५ व्होल्टवर चढवणारा लेव्हल शिफ्टर टाका.

बेगडाची गोष्ट

एका मंडळाची तलवार मला दोन संध्याकाळी पुरली. सगळं मोजून झालं होतं. सेल ठीक, मान ठीक, प्रकाश कमी केलेला. टेबलावर तासभर जळायची. आणि देखाव्यात, नेमकी महाराजांनी वर उचलली की जायची. स्विच बंद करून चालू केला की परत यायची.

दुसऱ्या संध्याकाळी मी ती टेबलावर न ठेवता महाराजांचं काम करणाऱ्या पोराच्या हातात दिली आणि म्हटलं, रोज उचलतोस तशीच उचल. त्याने झटक्यात वर नेली, तशी गेली. पण जाताना पात्याच्या टोकाला, चंदेरी बेगडाच्या घडीत, सुईच्या टोकाएवढी ठिणगी दिसली. खोलीत अंधार होता म्हणूनच दिसली.

पातं धातूचं दिसावं म्हणून कडेला बेगड लावलं होतं. स्ट्रिप टोकाला जिथे कापली होती, तिथे तांब्याच्या तीन टिकल्या उघड्याच होत्या. बेगड वीज वाहून नेतं, हे लावणाऱ्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तलवार आडवी असताना दोघांत केसाएवढं अंतर राहायचं. झटक्याने वर नेली की स्ट्रिप आत सरकायची, लाल आणि काळी टिकली बेगडाला एकदम टेकायच्या, शॉर्ट, आणि संरक्षणाचं सर्किट दार लावायचं. स्विच बंद केला की भार सुटायचा, दार उघडायचं.

टोकावर हीट श्रिंकचं (तापवल्यावर आवळून बसणाऱ्या प्लॅस्टिक नळीचं) टोपण चढवलं, त्यावर ग्लू गनचा एक थेंब. त्यानंतर विसर्जनापर्यंत ती तलवार एकदाही विझली नाही.

तेव्हापासून कापलेलं टोक झाकल्याशिवाय मी पातं बंद करत नाही. चंदेरी टेप, अॅल्युमिनियमचा कागद, धातूचा रंग, जरीची किनार, यातलं काही स्ट्रिपच्या किंवा मुठीतल्या बोर्डांच्या जवळ असेल तर मध्ये कागदी टेप किंवा प्लॅस्टिकचा थर हवाच. आणि बिघाड शोधताना तलवार तिच्या कामातल्या हालचालीत तपासा. ज्याच्या हातात ती रंगमंचावर असते, त्याच्याच हातात देऊन.

सोल्डर मारताना

इथे गुजरीतल्या सोनार कारागिरांकडून शिकण्यासारखं आहे. साजाच्या मण्याला डाग देताना आधी जागा स्वच्छ करतात, धातू तापवतात आणि तापलेल्या धातूवर डाग आपसूक पसरतो. आपलंही तसंच. इस्त्रीच्या टोकावर सोल्डरचा गोळा घेऊन तो वायरीवर थापायचा नाही. इस्त्रीचं टोक टिकली आणि वायर दोघांना एकदम टेकवा, दोन सेकंद थांबा, मग सोल्डर जोडाला लावा. ते पाण्यासारखं पसरलं आणि थंड झाल्यावर चकचकीत, कडेला उतरतं दिसलं तर जोड पक्का. करडा, खडबडीत, गोळ्यासारखा बसला तर तो ड्राय आहे. आज चालेल, मिरवणुकीत जाईल.

पण सोनाराचा टाकणखार इथे नको, आणि पत्र्याच्या कामाचं ॲसिड तर मुळीच नको. ते तांबं खात राहतं. राळ असलेली ६०/४० सोल्डर तार आणि २५ वॅटची इस्त्री पुरते. त्या तारेत शिसं असतं, काम झाल्यावर हात धुवा, लहान मुलांना तुकडे हाताळू देऊ नका.

प्रयोगाच्या दिवशी

सकाळी सेल पूर्ण भरा. दुपारी तलवार अर्धा तास सलग पेटती ठेवा आणि मूठ हाताला लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर मूठ उघडा. मग वीस वेळा परजा, प्रसंगात जशी परजायची तशीच. तिच्याने मर्दानी खेळाचे वार करू देऊ नका. उत्साहात कुणीतरी मागतोच. पॉलिकार्बोनेटची नळी टिकेल, आतले जोड टिकणार नाहीत; आणि नळी अॅक्रिलिकची असेल तर तीही तडकून धारदार तुकडे उडतील.

भाद्रपदात आपल्याकडे हवा दमट असते आणि मुठीवर दिव्यांच्या झोतात घामाचा हात असतो. घामातलं मीठ स्प्रिंगवर आणि टिकल्यांवर हिरवा थर धरतं. रोजचा प्रयोग संपला की सेल काढा, मूठ कोरड्या फडक्याने पुसा आणि उघडी वाळू द्या. हिरवं दिसलंच तर पेन्सिलच्या खोडरबराने घासून काढा. होल्डरची स्प्रिंग सैल झाली असेल तर वार करताना सेल क्षणभर सुटतो आणि नॅनो पहिल्यापासून सुरू होतो. सेलच्या मागे फोमचा छोटा तुकडा दाबून बसवा.

विंगेत एक भरलेला जादा सेल, टेप, छोटा स्क्रू ड्रायव्हर एवढं ठेवा. तिथे मूठ उघडून सोल्डर करायला बसू नका. सेल बदलून पाहा, कनेक्टर दाबून पाहा, तेवढ्यात नाही झालं तर न पेटणारी तलवार द्या आणि प्रकाशयोजनेवाल्याला वरून पांढरा झोत टाकायला सांगा. हे त्याच्याशी आधीच बोलून ठेवलेलं असावं.

आणि मूठ शेवटची बंद करण्याआधी आत एक चिठ्ठी चिकटवा: कोणत्या रंगाची वायर कशाची, बूस्टर किती व्होल्टवर, प्रकाश किती ठेवलाय, शेवटचं काय बदललं आणि कोणत्या तारखेला. पुढच्या वर्षी ती मूठ कदाचित दुसरंच कुणी पोरगं उघडेल.